टाकळकरजी आणि रिकाम्या ओळी

टाकळकरजी कॉम्प्युटरला अहोजाहो करत. "सतरा नंबर आज उठले नाहीत," "नऊ नंबर जरा गरम आहेत," असं ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, वॉर्डातल्या पेशंटबद्दल चाललंय. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हे गृहस्थ माझी टर उडवताहेत. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, यांना थोडं कमी कळतं. त्यानंतर काय वाटत गेलं ते इतक्या वर्षांनंतरही मला धड सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणूनच लिहायला बसले आहे.

इंदूरच्या भंवरकुआंला तेव्हा घरटी एक कोचिंग क्लास निघत होता. आमची कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट अशाच एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. खाली झेरॉक्सवाला, मध्ये सरकारी परीक्षांचे क्लास, वर आम्ही. दोन लॅब, चाळीस मशीन. मी लॅबची इन्चार्ज. वय पंचवीस, राग कायम नाकावर, आणि आपल्याइतकं कॉम्प्युटरमधलं या शहरात फारच थोड्यांना कळतं अशी पक्की समजूत. मालकांना सगळे डायरेक्टर साहेब म्हणायचे, नाव बन्सलजी. एके दिवशी ते एका पन्नाशीच्या माणसाला घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, ये टाकळकरजी. मिल के टाइम ऑफिस में थे. पापाजी के पुराने मिलनेवाले हैं. इनको कुछ काम दे दो."

पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल, हातात डब्याची पिशवी. मिल बंद होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. टाइम ऑफिस म्हणजे कामगारांची हजेरी जिथे घेतली जाते ते ऑफिस, आणि तिथे त्यांची बावीस वर्षं गेली होती. मी मनात म्हटलं, झालं, आता यांना माउस धरायला शिकवण्यात माझा महिना जाणार.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, इथे एकूण किती?"

"काय किती?"

"मशीन."

"चाळीस."

"आपण मोजले?"

मोजले कुठे होते? बिलावर वाचले होते. टाकळकरजी दोन्ही लॅब फिरून आले आणि म्हणाले, "एकेचाळीस. एक स्टोरमध्ये आहेत, चादर टाकलेली आहे त्यांच्यावर. त्यांना गैरहजर लावू की रजेवर?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं रजेवर लावा, आणि त्यांनी तसं लावलं. ते बिघडलेलं मशीन पुढे दीड वर्ष रजेवर होतं.

लॅबमध्ये मी 'मॅडम' आणि ते 'टाकळकरजी'. जिना उतरून रस्त्यावर आलो की मी 'बेटा' आणि ते 'काका'. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण दोघांनीही ते कटाक्षाने पाळलं. टेम्पोची वाट बघताना ते मला टाइम ऑफिसच्या गोष्टी सांगायचे. गोष्टी कसल्या, नियमच. हजेरीच्या रजिस्टरात एकही घर कोरं सोडायचं नाही, हा त्यातला पहिला. आलेल्याची खूण वेगळी, न आलेल्याची वेगळी, रजेची वेगळी. आणि ज्याचं अजून कळलं नाही, त्याच्या घरात पेन्सिलीने एक टिंब.

"टिंब मतलब, विचारायचं बाकी आहे. कळलं की पुसायचं आणि पक्कं लिहायचं."

"आणि कोरं राहिलं तर?"

"कोरं मतलब बाबू झोपला," ते म्हणाले. "आमच्या हेडबाबूने एकदा मला एका कोऱ्या घरासाठी पूर्ण दिवस उभं ठेवलं होतं. बेटा, तो माणूस आत मशीनवर होता, आणि माझ्या कागदावर नव्हता. काही झालं असतं त्याला तर?"

माउस धरायला त्यांना तीन दिवस लागले. पण लॅबमधल्या मशीनना जोडणारं जाळं मात्र त्यांनी एका दुपारी समजून घेतलं. मी फळ्यावर आकृती काढून सांगत होते, की प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो, आकड्यांचा. त्याशिवाय आणखी एक आकडा लिहावा लागतो, तो गेटवेचा, म्हणजे लॅबमधून बाहेर इंटरनेटवर जायचा रस्ता.

"मतलब पहिला आकडा घरचा, दुसरा बाहेर जायचा."

"बरोबर."

"आणि दुसरा खाली, कोरा राहिला तर?"

"तर ते मशीन लॅबमधल्या बाकीच्यांशी बोलेल. बाहेर नाही जाणार."

"घरात वाघ, बाहेर मुकं," टाकळकरजी म्हणाले. "माझा साला आहे तसा एक."

मग मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. सकाळी माझ्या टेबलावरून बटण दाबलं की तो चाळीसही मशीनना त्यांची ही सेटिंग विचारायचा आणि उत्तरांची यादी प्रिंटरवर काढायचा. ही झाली टाकळकरजींची हजेरी. प्रिंटर कर्कश आवाज करत चार पानं ओकायचा, कारण प्रत्येक मशीन फक्त कामाच्या नेटवर्क कार्डाबद्दल बोलून थांबायचं नाही. फोनला जोडायचा मोडेम, जो कोणी कधी वापरला नव्हता, त्याचीही एक ओळ. आणखी दोन-तीन अशाच कसल्यातरी ओळी, ज्या काय होत्या ते मलाही कळत नव्हतं. त्या सगळ्या रिकाम्या. चाळीस ओळी कामाच्या आणि सव्वाशे बिनकामाच्या.

टाकळकरजी त्या सव्वाशे ओळींमधल्या प्रत्येक रिकाम्या घरात पेन्सिलीने टिंब द्यायचे. रोज. साडेअकरा वाजेपर्यंत.

मी आधी हसले, मग चिडले, मग समजावायला गेले आणि स्वतःच अडकले.

"मॅडम, इथे शून्य-शून्य लिहून आलंय. इथे काहीच नाही. आणि इथे 'नल' लिहून आलंय. तिन्ही एकच का?"

"एकच समजा."

"समजू कसं? शून्य म्हणजे त्यांनी सांगितलं, माझ्याकडे शून्य आहे. काहीच नाही म्हणजे विचारलं, पण ते चूप बसले. मग हे नल म्हणजे?"

"नल म्हणजे माहितीच नाही."

"कोणाला माहिती नाही? त्यांना की आपल्याला?"

पुढे मी या विषयावर कॉलेजांतून व्याख्यानं दिली, पण कोणी असा सरळ प्रश्न विचारला नाही, आणि विचारला नाही हे बरंच झालं.

माझ्याकडे उत्तर मिळेना, तेव्हा टाकळकरजी डायरेक्टर साहेबांच्या केबिनच्या दारात उभे राहायला लागले. हातात चार पानं, बोट एका टिंबावर. "साहब, बारा नंबर के यहां एक खाना खाली आ रहा है." बन्सलजी पहिल्यांदा उठून मला बोलावून आणायचे. नंतर नुसती मान हलवायचे. एका दिवशी समोर विद्यार्थ्यांचे पालक बसले होते, आणि टाकळकरजी दारात.

"टाकळकरजी," बन्सलजी सगळ्यांदेखत म्हणाले, "खाली-खाली क्या लगा रखा है? मुझे भरा हुआ कागज लाया करो. अगली बार ये खाली वाली बात आई, तो घर बैठना आराम से."

टाकळकरजी "जी" म्हणाले आणि पानांच्या घड्या करत बाहेर आले. संध्याकाळी बन्सलजी मला म्हणाले, "मॅडम, इनका आप कुछ करो, नहीं तो मैं करूंगा."

त्याच शनिवारी मी परदेशीपुऱ्यात त्यांच्या घरी गेले. काकू शिवणकाम करायच्या, माझे दोन ब्लाउज टाकायचे होते. दोन खोल्या, पुढे ओटा, खिडकीशी मशीन. टाकळकरकाका भाजी आणायला गेले होते. काकूंनी टेप गळ्यात टाकली, माझं माप घ्यायला सुरुवात केली आणि बोलत सुटल्या.

"सात वर्षं घरी बसले गं हे. मधे एका कपड्याच्या दुकानात गेले, तिथे नाही जमलं. मिल होती तेव्हा मला कधी माहीत नव्हतं की आपलं घर दुपारी इतकं छोटं असतं. मी मशीन चालवायची आणि हे समोर बसायचे. बोलायचे नाहीत. मी पायडल मारते आणि हे माझ्या पायाकडे बघतात. आता सकाळी डबा घेऊन निघतात ना, तर मी गल्लीच्या तोंडापर्यंत बघत उभी राहते. शेजारणी हसतात. हसू दे."

माप संपलं, तरी टेप त्यांनी माझ्या खांद्यावरच ठेवली होती.

"तू मोठी आहेस तिकडे, ते सांगतात. त्यांचं टिकू दे बेटा तिथे. बास, एवढं बघ."

मी "हो काकू" म्हटलं. त्या वेळी मला फार थोर वाटलं स्वतःबद्दल.

सोमवारी जाऊन मी ते काम करून टाकलं. प्रोग्राममध्ये एक शर्त घातली, एका ओळीची. ज्या ओळीत गेटवेचं घर रिकामं, ती ओळ यादीत घ्यायचीच नाही. बटण दाबलं, प्रिंटर दहा सेकंद ओरडला आणि गप्प झाला. एकच पान. चाळीस ओळी, सगळ्या भरलेल्या. बघून डोळे निवावेत असा कागद.

टाकळकरजींनी पान उलटून मागे बघितलं.

"बाकीचे कुठे गेले?"

"गाळले."

"कोणाला विचारून?"

"टाकळकरजी, ते रिकामेच होते. त्यांचा काही उपयोग नव्हता."

"रिकामे होते म्हणून तर बघत होतो ना मी."

आता माझं डोकं फिरलं. एवढं या माणसासाठी करावं आणि वर याने हिशेब विचारावा! मी म्हटलं, "तुमची नोकरी वाचवायला केलंय हे मी. कळतंय का तुम्हाला?"

लॅबमध्ये दहा-बारा मुलं बसली होती, त्यांनी वळून बघितलं. टाकळकरजींनी खिशातलं पेन काढलं, पानाखाली सही केली आणि कागद बन्सलजींच्या केबिनमध्ये देऊन आले. ते वाक्य मी बोलायला नको होतं. आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

पुढचे दोन महिने सगळं छान चाललं. बन्सलजी खूश. "देखा? कितना साफ काम हो गया." टाकळकरजी सकाळी साडेनऊला हजेरी उरकून मोकळे व्हायचे आणि मग त्यांना काय करावं ते कळायचं नाही. ते मशीन पुसायचे. पुसलेली पुन्हा पुसायचे. एकदा मी त्यांना खुर्च्यांवर नंबर टाकताना पाहिलं. मला वाटलं, रुळले.

मग परीक्षेचं केंद्र मिळालं. एका बाहेरच्या कंपनीची सर्टिफिकेटची परीक्षा, इंटरनेटवरून द्यायची, आणि इंदूरमध्ये ती घ्यायला आमची निवड झाली. बन्सलजींनी पेढे वाटले. परीक्षेच्या दोन दिवस आधी दुसऱ्या लॅबमधली अकरा मशीन हळू चालतात म्हणून हार्डवेअरवाल्याकडून नव्याने भरून घेतली. त्याने सगळ्यांवर एकाच सीडीवरून सगळं चढवलं, प्रत्येकाला त्याचा पत्ता दिला, चहा घेतला आणि गेला. गेटवेचं घर त्याने भरलंच नाही.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. ती अकरा मशीन लॅबमध्ये एकमेकांशी बोलत होती, माझ्या टेबलावरून विचारलं की उत्तरही देत होती. फक्त त्यांचं बाहेर जायचं घर रिकामं होतं, आणि ज्यांचं ते घर रिकामं त्यांना यादीत घ्यायचं नाही अशी शर्त मीच घातली होती. यादीत एकही बिघाड दिसत नव्हता, कारण बिघडलेले यादीतच नव्हते.

परीक्षेच्या आदल्या सकाळी मी कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलत होते. टाकळकरजी कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी हाताने 'नंतर' अशी खूण केली. ते उभे राहिले. माझं बोलणं लांबलं. पाचेक मिनिटांनी मी वर बघितलं तेव्हा ते गेलेले होते, आणि दुपारी सही केलेलं पान नेहमीप्रमाणे बन्सलजींच्या टेबलावर होतं.

दुसऱ्या दिवशी मुलं आली. देवासहून, उज्जैनहून, खरगोनहून सुद्धा. एक मुलगी आईला घेऊन आली होती, आई जिन्यात पिशवी धरून बसली. दहा वाजता परीक्षा सुरू झाली आणि दुसऱ्या लॅबमध्ये अकरा जणांचे हात वर झाले. पान उघडत नाही. मी वायरी तपासल्या, स्विच बंद-चालू केला, टेलिफोनवाल्यांना फोन लावला. सगळं तपासलं, फक्त मशीनची सेटिंग तपासली नाही, कारण ती तर यादीत नीट होती. पाऊण तासाने शेवटचा उपाय म्हणून एका मशीनची सेटिंग उघडली आणि ते कोरं घर समोर आलं. टाकळकरजी लॅबच्या दारात उभे होते आणि जमिनीकडे बघत होते.

कंपनीच्या माणसाने अकरा जणांना पुढची तारीख दिली, आणि आमच्या केंद्राबद्दल काय लिहायचं ते त्याच्या कागदावर लिहून तो गेला. बन्सलजींनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. आदल्या दिवशीचं पान टेबलावर होतं.

"ये साइन किसकी है?"

"मेरी," टाकळकरजी म्हणाले.

"ग्यारह मशीन खराब थीं. आपको दिखी नहीं?"

"जी, दिखी नहीं."

"तो आप देखते क्या थे इतने दिन?"

टाकळकरजींनी माझ्याकडे बघितलं नाही. मी तीन फुटांवर उभी होते. एवढंच म्हणायचं होतं, की शर्त मी घातली आहे. मी घाबरले. डोक्यात माझी नोकरी, घरी काय सांगायचं, लोक काय म्हणतील असलं सगळं एकदम आलं, आणि मी गप्प राहिले. बन्सलजींनी त्यांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. टाकळकरजींनी "जी" म्हटलं. त्यांनी लॅबच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि जिना उतरून गेले. मी खाली गेले नाही, कारण खाली गेले असते तर त्यांना काका म्हणावं लागलं असतं.

चार दिवस लागले मला. चार दिवसांनी मी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, बन्सलजी खुर्चीतून उठतील, मला काढून टाकतील. ते फक्त हसले.

"मॅडम, प्रोग्राम तो आपका बढ़िया है. एक शर्त की गलती है, सुधार लो. और उनका, सच बताओ, अब यहां काम क्या है? हाजिरी तो आपकी मशीन लेती है."

मी टाकळकरजींची नोकरी वाचवायला जे केलं होतं, त्यानेच त्यांची नोकरी संपली होती. माझी चूक नसती तरी संपली असती. मी तरी वाद घातला. दोन दिवस मागे लागले, शेवटी बन्सलजी वैतागून म्हणाले, "अच्छा, ठीक है. दो लाइन लिखवा के लाओ कि आगे से ध्यान रखेंगे. आ जाएं."

मी ऑफिसातूनच एक कोरा कागद घेतला आणि संध्याकाळी परदेशीपुऱ्यात गेले. गल्लीत नळ आले होते, बायका भांडी घेऊन उभ्या होत्या. टाकळकरकाका ओट्यावर बसले होते. काकू आत मशीन चालवत होत्या. मी आलेली दिसताच मशीन थांबलं.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चूक माझी होती, मी बोलले नाही, आता साहेबांना सांगितलंय, ते तयार आहेत, दोन ओळी लिहून द्या.

"शर्त तू लावली होती, मला माहीत होतं ना," काका म्हणाले.

"मग साहेबांना बोलला का नाहीत?"

"बस बेटा, खाली बस."

मी ओट्याच्या कडेवर बसले.

"त्या दिवशी लिस्टमध्ये एकोणतीस ओळी होत्या," ते म्हणाले. "मी मोजल्या. चाळीस पाहिजे, एकोणतीस. अकरा जण गेले कुठे? तुला सांगायला आलो, तू फोनवर. उभा राहिलो. मग मला वाटलं, आता मी बोलणार आणि साहेब म्हणणार, आला परत खाली-खाली करत. सगळ्यांसमोर म्हणणार. मी टेबलावर कागद ठेवला आणि सही केली. एकोणतीस दिसताहेत आणि मी सही करतोय. तू केलं ते न कळून केलं."

माझा गोंधळ उडाला. मी इथे अपराधी म्हणून आले होते आणि हा माणूस माझ्या हातातून अपराध काढून घेत होता. तेही मला बरं वाटावं म्हणून घेत होता असं दिसत नव्हतं.

"काका, पण शर्त नसती तर..."

"तशी शर्त नसती तरी मी हे करतो. आधी केलेलं आहे." त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. काकू दारातच होत्या. "हिला पण नाही माहीत. मिल बंद व्हायची होती तेव्हा दुसरी एक मिल काही लोक घेणार होती. लिस्ट टाइम ऑफिसातून जायची. त्याच्यात एक खाना होता, पक्का नंबर, कायम कामगाराला मिळतो तो. आता आमच्याकडे बदलीवाले किती तरी. रोज गेटवर यायचे, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळायचं. दहा-दहा वर्षं असे आले. त्यांना पक्का नंबर कुठून असणार? मॅनेजर म्हणाला, जिनका खाना खाली है, छोड़ दो, लिस्ट साफ चाहिए. मी टाइप केली. टिंब नाही, काही नाही. ती नावं घेतलीच नाहीत. आणि खाली सही."

काकूंनी पदराने हात पुसले, जरी हात कोरडेच होते.

"त्या बदलीवाल्यांनी नंतर विचारलं मला. मी सांगितलं, मी सगळ्यांची नावं दिली होती, वरून कटली."

गल्लीच्या तोंडाशी एक भाजीचा ठेला वळला. ठेलेवाला साठीकडे झुकलेला, डोक्याला गमछा बांधलेला. दुरूनच त्याने हात वर केला.

"राम-राम, बाबूजी! आज जल्दी आ गए?"

"हा रामेश्वर," काका मला हळूच म्हणाले. "त्यातलाच. याच गल्लीत राहतो. लोकांना सांगतो, बाबूजी मेरे लिए मॅनेजर से लड़े थे."

ते उठले. मी कागद पुढे केला. "काका, हे लिहून तर द्या. उद्यापासून या."

"थांब जरा. बाबूजी म्हणवून घ्यायला मला बरं वाटायचं गं. डबा घेऊन निघायचो तेव्हा तर जास्तच. आता डबाही नाही. आता बोलतो."

ते ओट्यावरून उतरून ठेल्यापाशी गेले. नळाच्या आवाजात मला काही ऐकू येईना. काका बोलत होते आणि रामेश्वर ठेल्याची मूठ धरून ऐकत होता. आधी तो हसत होता, ओळखीचा माणूस बोलतो तेव्हा हसतात तसा. मग हसणं थांबलं. एका बाईने भेंडीचा भाव विचारला, त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. बराच वेळ गेला. नळावरच्या बायकाही गप्प झाल्या असाव्यात, कारण त्यानंतरचं सगळं मला स्पष्ट ऐकू आलं.

"मेरा नाम आपने लिखा था, बाबूजी?"

"नहीं लिखा था, रामेश्वर. वही तो बता रहा हूं."

रामेश्वरने गमछा सोडला, तोंड पुसलं, गमछा खांद्यावर टाकला. तो काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते, काकूही बघत होत्या. त्याने ठेला उचलला आणि ढकलत आमच्या ओट्यावरून पुढे गेला. आमच्याकडे त्याने बघितलं नाही. ठेल्याचं एक चाक वाकडं होतं, ते गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत वाजत गेलं.

टाकळकरकाका ठेला होता त्याच जागी उभे होते. काकूंनी दारातून हाक मारली, "अहो, आत या." ते म्हणाले, "येतो," आणि तिथेच उभे राहिले.